कार्डधारी पाणबुड्या

स्कूबा डायव्हिंगचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्राचे कार्ड मिळवलेला, पण प्रशिक्षकाचा हात सोडून समुद्रात अद्याप फारसा न उतरलेला इसम म्हणजे कार्डधारी पाणबुड्या. ‘पॅडी’ संघटनेच्या ‘ओपन वॉटर डायव्हर’ कार्डावर जोडीदारासह १८ मीटर खोल जाण्याची मुभा असते. या कार्डाला मुदत नसते, नूतनीकरण नसते. त्यामुळे एकदा पाकिटात शिरलेले कार्ड तिथे आधार कार्डाच्याही वर जागा पटकावते. अभ्यासक्रमासाठी किमान वय १० वर्षे आहे. ही बाब तो स्वतःहून कोणाला सांगत नाही.

ही जात मुंबई-पुण्यात मुबलक सापडते. तथापि तिचा अस्सल नमुना पाहायचा तर समुद्रापासून जमेल तितके दूर जावे लागते. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातले सूरजागड त्यासाठी सोयीचे आहे. येथील डोंगरात हेमेटाइट हे लोहखनिज आहे, खाण आहे, आणि पाळीवर देखरेख करणारा, उद्दिष्टांच्या तक्त्यावर जगणारा उद्योगी सुपरवायझर आहे. नकाशावर बंगालच्या उपसागराचा किनारा सूरजागडपासून अरबी समुद्राच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. तरी हा गृहस्थ बल्लारशाहला गाडी पकडतो, सगळा महाराष्ट्र आडवा कापतो आणि मालवण गाठतो, कारण समुद्र मराठी बोलणारा हवा. घरच्यांना हा खर्च पटत नाही. दर पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, त्या मुलखात पाण्याखाली जायला कोणी पैसे मोजत नाही. “काहून चालला बे तिकडं? आपल्याकडं काय पाणी कमी आहे?” या आईच्या प्रश्नाला अभ्यासक्रमात उत्तर दिलेले नाही.

प्रशिक्षणाचा क्रम ठरलेला आहे. आधी पुस्तकी पाठ, मग तलावातला सराव आणि शेवटी खुल्या पाण्यातले चार डायव्ह. २०० मीटर पोहून दाखवावे लागते आणि १० मिनिटे नुसते तरंगावे लागते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या तारकर्लीच्या संस्थेत हे शिक्षण मिळते. नदीत वाढलेला उमेदवार २०० मीटर सहज कापतो. तरंगण्याची १० मिनिटे मात्र त्याला जड जातात, कारण त्या वेळात काहीच करायचे नसते. पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ येथेच दिसते. दुसरी अडचण श्वासाची. पाण्यात गेल्यावर श्वास रोखायचा, हे नदीने त्याला लहानपणीच शिकवलेले असते. स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा आहे: श्वास कधीही रोखू नये. वर येताना दाब कमी होतो, हवा प्रसरण पावते आणि रोखलेल्या श्वासाने फुप्फुस फाटू शकते. हे वाचल्यापासून तो जमिनीवरही आपण श्वास घेत आहोत ना, याची अधूनमधून खात्री करतो.

कार्ड मिळाल्यावर समाजाचे दोन भाग पडतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात रोज पर्यटक येतात. वाटाड्या त्यांना मानेमागे धरून पाण्याखाली नेतो, फोटो काढतो, परत आणतो. गेल्या वर्षी कार्डधारीही असाच मानेला धरून गेलेला असतो. आता त्याच पर्यटकांकडे तो करुणेने पाहतो आणि ‘हे खरे डायव्हिंग नव्हे’ असे शेजाऱ्याला सांगतो. शेजारी उलटी आवरत असल्याने दुजोरा देत नाही.

बोटीवर त्याची कार्यक्षमता शिगेला पोहोचते. डायव्हच्या आधी जोडीदाराची साधने तपासायची असतात. खाणीच्या सुरक्षा-नियमांत मुरलेला हा माणूस जोडीदाराची तपासतो, वाटाड्याची तपासतो आणि तांडेलाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून पाहतो. मग वजनांचा प्रश्न येतो. बुडणे ही क्रिया आपोआप घडते, असा नदीकाठचा अनुभव आहे. निओप्रीनचा सूट चढवला की मात्र माणूस तरंगतो आणि खारे पाणी त्याला आणखी वर ढकलते. म्हणून कमरेला शिसे बांधतात. लोखंडाच्या डोंगरावर नोकरी करणाऱ्याला बुडण्यासाठी शिसे भाड्याने घ्यावे लागते, आणि तेही तो ‘असू द्या जास्तीचे’ म्हणून दोन किलो वाढवून घेतो.

उतरताना कानांचे प्रकरण उद्भवते. खोली वाढते तसा पाण्याचा दाब कानाचा पडदा आत ढकलतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकले की दाब समान होतो. या युक्तीला १७२३ मध्ये वारलेल्या वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे नाव आहे. कान दुखण्याआधीच फुंकायचे असते, आणि हळू. कार्डधारी दुखल्यावर फुंकतो आणि जोराने. मग मीटरभर वर येतो, पुन्हा उतरतो, पुन्हा वर येतो. सोबतचे सगळे तळाशी गुडघे टेकून वाट पाहतात. पाण्याखाली घड्याळाकडे बघण्यावर बंदी नाही.

तळाशी पोहोचल्यावर खरे काम सुरू होते, म्हणजे त्याने ते सुरू करू नये अशी अपेक्षा असते. चांगल्या डायव्हरची ओळख तो काय करत नाही यावरून पटते. तो हात हलवत नाही, पाय सावकाश मारतो, लांब श्वास घेतो आणि ना बुडत ना तरंगत मधल्या मध्ये राहतो. कार्डधारी दोन्ही हातांनी समुद्र बाजूला सारतो. जास्तीच्या शिशामुळे खाली जातो, म्हणून अंगावरच्या फुगणाऱ्या जाकिटात हवा भरतो. त्यामुळे वर जातो, म्हणून ती सोडतो. आणि हा कार्यक्रम अखंड चालतो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असल्याने तितक्याच श्वासाला दुप्पट हवा लागते. त्यात ही मेहनत. २०० बारने भरलेल्या सिलिंडरचा त्याचा काटा ७० वर येतो, तेव्हा वाटाड्याचा १४० वर रेंगाळत असतो. कष्टाला फळ मिळते, या शिकवणीला पाण्याखाली मान्यता नाही. तेथे कामसू माणूस लवकर वर येतो आणि आळशी माणूस मासे पाहतो. “साहेबांनू, घाई कित्याक करतास?” हा मालवणी वाटाड्याचा बोटीवरचा प्रश्न म्हणजे सबंध पाठ्यपुस्तकाचा सारांश होय.

संवाद हातांनी होतो. अंगठा व तर्जनीचे वर्तुळ म्हणजे ‘सर्व ठीक’, आणि वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’. मोबाइलवर दिवसाकाठी पन्नास अंगठे पाठवणारा कार्डधारी पहिला पोपटमासा दिसताच आनंदाने अंगठा दाखवतो. वाटाड्या त्याला आज्ञाधारकपणे वर घेऊन जातो.

दृष्टीचेही नियम बदलतात. प्रकाश वळत असल्याने मास्कमधून वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठी आणि एक-चतुर्थांश जवळ दिसते. सूरजागडला परतल्यावर माशाची लांबी सांगताना त्याचे हात फाकतात, ते भौतिकशास्त्राच्या आधाराने. पाण्यात सर्वांत आधी लाल रंग शोषला जातो. ज्याच्या बुटांपासून डब्याच्या झाकणापर्यंत खनिजाची लाल धूळ बसलेली असते, त्याला लाल नसलेले जग प्रथमच दिसते. मात्र व्हिडिओतही सगळे निळे-हिरवे आल्याने तो कॅमेऱ्याच्या कंपनीला दोष देतो. मालवणच्या पाण्याचा काही भाग १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात मोडतो. वाघाला हात लावू नये हे जंगल जिल्ह्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही; प्रवाळाला लावू नये हे तीनदा सांगावे लागते.

परतीचा प्रवास सावकाश करायचा असतो. साधारणपणे पाच मीटरवर तीन मिनिटे थांबतात, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला अवधी मिळतो. ही तीन मिनिटे कार्डधारी डोळ्यांत तेल घालून मोजतो. दिवसभरातले हे त्याचे एकमेव निर्दोष काम होय, कारण त्याला आकडा आहे.

नायट्रोजनचा दुसरा परिणाम रजेवर होतो. एकाहून अधिक डायव्ह केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास थांबावे, असा संकेत आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने सावध डायव्हर घाट चढतानाही अंतर राखतात, आणि मालवणहून कोल्हापूरकडे निघाले की आंबोली किंवा फोंड्यासारखा घाट लागतोच. कार्डधारीला हा नियम अत्यंत प्रिय आहे. वैद्यकीय कारणास्तव एक दिवस वाढवून हवा, असा निरोप तो खाणीवर पाठवतो आणि उपचार म्हणून सुरमईचे ताट व दोन वाट्या सोलकढी घेतो.

पुढे या जातीच्या तीन शाखा होतात. पहिली शाखा पुन्हा समुद्रावर जात नाही. तिच्याकडे कार्ड, चार डायव्हची लॉगबुक आणि वर्षागणिक वाढणारा मासा एवढा ऐवज राहतो. दुसरी साधने विकत घेते, आणि सूरजागडच्या क्वार्टरमधल्या खिळ्यावर दोन फिन्स धूळ खात लाल होतात. तिसरी शाखा विरळ आहे. ती नेत्राणी, अंदमान असे करत राहते, दर खेपेला शिसे थोडे कमी घेते, हात छातीशी बांधून ठेवते आणि ५० बार शिल्लक ठेवून शेवटी वर येते. काही न करण्याची ही विद्या वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये कुठल्याच रकान्यात बसत नाही. या अवस्थेत तो विचारल्याशिवाय कार्ड दाखवत नाही, आणि तेव्हापासून त्याची गणना कार्डधारींत होत नाही.