शिपाई बाथरूममध्ये का लपतो?

"काय गं, काल रात्री तुमच्याकडे केवढा आरडाओरडा! मला वाटलं, साप निघाला."

"सापच निघाला, काकू. बीजीएमआय या मोबाइलवरच्या खेळातला. मैदान आकसत आकसत शेवटचा तुकडा उरतो, त्या शेवटच्या झोनमध्ये जो गवतात पालथा पडून राहतो, त्याला ही पोरं साप म्हणतात. शंभरातले अठ्ठ्याण्णव गेले, आमचे बाळराजे आणि तो असे दोघंच उरले. आणि त्यानं गवतातून डोक्यात गोळी घातली. मग काय, घरात सुतकच."

"तोच ना, सरकारनं बंद केलेला खेळ?"

"तो पब्जी. 2020 च्या सप्टेंबरात बंद झाला. पुढच्या वर्षी नाव बदलून परत आला. आता रक्त हिरवं दिसतं."

"म्हणजे मारामारी शाकाहारी झाली म्हण की! मीही बसते हो नातवाच्या मागे माळ ओढत. पण ते शिपाई असे येड्यासारखे का वागतात, ते काही कळत नाही. चहूकडून गोळ्या सुटताहेत आणि एक बाबा रस्त्याच्या मधोमध नुसता उभा!"

"त्याला आईनं जेवायला हाक मारलीय."

"काहीतरीच!"

"काहीतरीच नाही, काकू. त्या मैदानावर जे वेडंविद्रं दिसतं ना, त्याचं कारण कुणाच्या तरी घरात असतं. नुसता उभा आहे, तो पानावर बसलाय. भिंतीला धडका देत पळतोय, तो फोन गादीवर टाकून दार उघडायला गेलाय. स्वतःभोवती गिरक्या घेतोय, त्याच्या धाकट्या बहिणीनं फोन ओढलाय. दोन पावलं पुढे जाऊन तीन मागे येतोय, तो आपल्याच कॉलनीतला, नेट गेलेला. आणि शत्रू समोर असून आभाळात गोळ्या झाडतो, त्याची बोटं चिवड्याच्या तेलानं माखलेली."

"आणि विमानातून उडीच न मारणारा?"

"तो अंघोळीला गेला. पण त्यात सुटका नाही. विमानाचा मार्ग संपला की खेळच त्याला बाहेर ढकलतो."

"नातू म्हणतो, त्यात सगळी माणसं नसतातच. खोटे खेळाडूही सोडलेले असतात. बॉट का काय ते."

"असतात ना. नवख्या पोराला चार जण मारल्याचा आनंद मिळायला नको? ओळखायचे कसे, तर जो उघड्यावर थांबून नीट तुमच्याकडे बघतो आणि मगच गोळी झाडतो, तो बॉट. माणूस इतका सभ्य नसतो."

"बरं, ते बाथरूमचं काय? घराघरात शिरून बाथरूममध्ये बंदूक रोखून बसतात. नातू चिडून ओरडतो, 'कॅम्प करतोय, कॅम्प करतोय!'"

"अहो, तो खेळाडू स्वतःसुद्धा त्या वेळी बाथरूममध्येच असतो. बाहेरून वडील कडी वाजवताहेत. आतला घाबरलेला, म्हणून फोनमधलाही घाबरलेला."

"आमच्याकडे अर्धा-अर्धा तास दार बंद असतं, ते यासाठी होय! मी उगीच इसबगोल आणून दिलं."

"इसबगोल!"

"हसू नकोस. उठाबशांचं सांग. एखाद्याला मारलं की त्याच्या सामानाच्या पेटीवर जाऊन उठाबशा काढतात. मला वाटतं, शाळेत ज्यांनी फार काढल्या, ते तिथे उट्टं फेडतात."

"डिवचायला काढतात हो. मेलेला कुठे लगेच जातो? मारणाऱ्याच्याच नजरेतून पुढचा खेळ बघत बसतो. प्रेक्षक हक्काचा, म्हणून नाटक. एकट्यानं कोण कशाला उठाबशा काढेल?"

"आणि तो तवा? सगळी शस्त्रं सोडून फ्राइंग पॅन घेऊन हिंडणारे?"

"ते त्यातले शहाणे. पॅन कमरेमागे लटकवला की त्यावर आदळलेली गोळी लागत नाही. घरात एक भांडं विसळणार नाहीत, पण तिथे पॅनवर जीव!"

"खेळावरून आठवलं, आमची लेक साथीच्या रोगांचा अभ्यास करते ना, तिनं मला भलतीच गोष्ट सांगितली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट म्हणून खेळ आहे. 2005 च्या सप्टेंबरात त्यात हक्कार नावाच्या राक्षसाकडून खेळाडूंना रोग लागायचा. तो रोग राहायचा हक्कारच्या देवळापुरता, पण पाळीव प्राण्यांबरोबर शहरात आला. नवखे खेळाडू पटापट मेले. कुणी शुश्रूषा करत बसलं, कुणी पळालं, आणि काही जण मुद्दाम रोग घेऊन गर्दीत जाऊन उभे राहिले! कंपनीनं विलगीकरण करून पाहिलं, कुणी जुमानलं नाही. शेवटी सर्व्हरच परत चालू करावे लागले. पुढे 2007 मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांवरच्या नियतकालिकात त्यावर लेख आला म्हणे. आता तू सांग, त्या मुद्दाम जाणाऱ्यांना कुठल्या आईनं हाक मारली होती?"

"तिथे माझी विद्या संपली, काकू."

"माझी नाही संपली. कोरोनात ते मागच्या बिल्डिंगमधले अंगात ताप घेऊन बारशाला गेलेच होते की!"

"हळू बोला, गॅलरीतच उभे आहेत."

"उभे राहू देत. तिथून वर्षभर आपल्याकडेच बघताहेत. ते बॉट नाहीत, एवढं मी सांगते."

"खेळात कोण कशासाठी येतं, याचाही कुणीतरी विचार केलाय, काकू. रिचर्ड बार्टल म्हणून इंग्लंडचे एक गृहस्थ आहेत. 1978 मध्ये एसेक्स विद्यापीठात ज्या दोघांनी अनेकांनी मिळून खेळायचा असा एक सुरुवातीचा खेळ रचला, त्यातले एक. त्यांनी 1996 मध्ये खेळाडूंची पत्त्यांवरून विभागणी केली. गप्पांसाठी येणारे बदाम, कमाईसाठी येणारे चौकट, धुंडाळायला येणारे इस्पिक आणि दुसऱ्याला छळायला येणारे किलवर."

"आपण दोघी बदाम. आणि बदाम सात खेळताना सत्ता दाबून बसणारे आमचे हे किलवर. बरं, मी निघते, कुकर लावायचाय. नातवाला हाक मारायला हवी."

"थांबा काकू. तो खेळ मध्येच थांबवता येत नाही. डाव अर्ध्या तासाचा, आणि त्याच्या भरवशावर आणखी तिघं असतात. तेव्हा कुकर लावायच्या आधी एवढं विचारत जा, 'कितवा झोन चाललाय रे?'"