कंकाची नोकरी

आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल दोन मतप्रवाह आहेत. पहिला असा, की मी एका अमेरिकन कंपनीत रात्रपाळी करतो, कारण पहाटे फिरायला निघणाऱ्या साठेकाकांना माझ्या खोलीतला दिवा जळताना दिसायचा. दुसरा असा, की मी काहीच करत नाही आणि घर बायको चालवते, कारण सकाळी अकरा वाजता मी अर्ध्या चड्डीत दूध आणायला खाली उतरतो. खरं काय ते मी काकांना सांगून पाहिलं. "पोकर खेळतो," म्हटलं. काका हसले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "राहू दे. कंपनीची गुपितं आम्हाला कशाला सांगतोस?"

जुगारी म्हणून कुणी नाव ठेवलं तर माझी तक्रार नाही. आपल्याकडे शेअर बाजारवाल्यालाही पूर्वी सट्टेबाजच म्हणत. आता त्याला स्थळं येतात. माझं दुःख वेगळं आहे. हा धंदा विलक्षण कंटाळवाणा आहे, आणि यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. लोकांनी पोकर पाहिलेला असतो सिनेमात. तिथे काळा चष्मा असतो, ग्लासात बर्फ वाजतो आणि शेवटच्या पानाला नायकाचा रॉयल फ्लश लागतो. बावन्न पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात होतात आणि त्यांत रॉयल फ्लश असतात फक्त चार. दिग्दर्शकाला ते बरे सापडतात.

आमच्या टेबलावर प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यानं बघायची. मग मधोमध सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात. नियमित खेळणारा माणूस पाचातले चार हात ती पहिली दोन पानं बघूनच टाकून देतो. म्हणजे माझं रोजचं काम काय, तर दोन पानांचे कोपरे उचलून बघणं आणि ती सभ्यपणे पुढे सरकवणं. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते. कॅसिनोत तासाला तीसेक हात वाटले जातात, म्हणजे एक्के साधारण सात तासांनी यायचे. तेही यायलाच हवेत असं बंधन त्यांच्यावर नाही. आणि आलेच, समोरच्याकडे राजांची जोडी निघाली, आपण सगळे पैसे मध्ये लोटले, तरी शंभरात अठरा वेळा त्याचा तिसरा राजा किंवा असंच काहीतरी उगवतं आणि तोच जिंकतो. सात तासांची तपश्चर्या, आणि शेवटी प्रसन्न होऊन देव वर देतो शेजारच्याला.

अशा हरण्याची गोष्ट प्रत्येक खेळाडूला सांगायची असते आणि ऐकायची कुणालाच नसते. आमच्या मित्रमंडळात म्हणून दंड ठरला आहे: जो "अरे, माझ्याकडे एक्के होते..." अशी सुरुवात करील, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवाल्याचा समज आहे की आमच्यातला दर वेळी कुणीतरी बाप होतोय.

२०२५ च्या ऑगस्टपर्यंत हे सगळं घरबसल्या चालायचं. स्क्रीनवर एकाच वेळी सहा टेबलं मांडायची आणि सहाही ठिकाणी पानं टाकत बसायचं. मोठ्या स्पर्धा रविवारी संध्याकाळी. त्यामुळे नात्यातली रविवारची लग्नं मी अक्षता पडल्या पडल्या जेवून सोडली आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी आदल्या रात्रीचे हात पुन्हा उघडून तपासायचे. इथे टाकायला हवं होतं का, तिथे थोडं जास्त लावायला हवं होतं का. मग हिशेब. तारीख, तास, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो. बायको बँकेत आहे. माझी एक्सेलची शीट तिनं चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "आमच्या ब्रँचला एवढं कुणी लिहून ठेवलं असतं तर ऑडिटरनं रडून मिठी मारली असती." जुगारी माणसाच्या बायकोनं काढलेले हे उद्गार आहेत. कोणत्याही मराठी नाटकात मिळणार नाहीत.

मग २२ ऑगस्टला नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले. कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच त्या कायद्यानं ठेवला नाही. ज्या वादावर मी उमेदीची वर्षं आणि कित्येक दिवाळ्यांचे फराळ घालवले, तो संसदेनं दोन दिवसांत मिटवला. कायद्याचं भलंबुरं मी सांगत नाही. या खेळांत घरं बुडालेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्यापुढे माझी गैरसोय किरकोळ आहे. माझ्यापुरतं एवढंच झालं, की माझी पणजीला बदली झाली. साठेकाकांना मी याच शब्दांत सांगितलं. "प्रमोशनवर का?" त्यांनी विचारलं.

आता अधूनमधून रात्रीच्या बसनं जातो. पणजीच्या जेटीवरून छोट्या बोटीत बसायचं आणि मांडवी नदीत उभ्या असलेल्या मोठ्या कॅसिनो-बोटीवर चढायचं. गोव्यात राहणाऱ्या माणसाला कॅसिनोत शिरायला २०२० पासून मनाई आहे. टॅक्सीवाला मला जेटीवर सोडतो आणि म्हणतो, "नदी आमची, बोट आमच्या नदीत, आणि आत तुम्ही." त्याच्या सुरात मला खंत ऐकू यावी अशी माझी अपेक्षा असते. मला नेहमी समाधानच ऐकू येतं.

बोटीवर एका मजल्यावर गाणं, दुसऱ्यावर रूलेटभोवती आरडाओरडा, आणि पोकरच्या खोलीत परीक्षेचा हॉल. इथे आम्ही नेहमीचे चारपाच जण कंबरेला उशा लावून बसलेले. आमची सगळी आशा एकाच माणसावर: मित्राच्या लग्नाआधी मजा करायला आलेल्या टोळक्यातला नवखा. परवा असाच एक बसला. माझ्याकडे एक्के आले. सात तासांचे. त्यानं सत्ती आणि दुरी धरून ठेवली होती. दोन्ही वेगवेगळ्या रंगांची असली तर या खेळातली ती सगळ्यात भिकार पानं. मध्ये एक सत्ती उघडली, मग एक दुरी. "तुम्ही सत्ती-दुरी का ठेवली?" मी शक्य तितक्या प्रेमानं विचारलं. "सात फेब्रुवारीचं लग्न आहे ना," तो म्हणाला.

इथे नियमित खेळाडूची खरी कसोटी. त्याला एका शब्दानं चूक दाखवायची नाही. शिकला तर सुधारेल, किंवा वाईट वाटून उठून जाईल, आणि दोन्ही आपल्या नुकसानीचंच. तो मधूनमधून जिंकतो म्हणून तर बसतो. म्हणून मी म्हणालो, "वा, छान खेळलात!" मुलाखतीला गेलेला उमेदवार हसतो तसा हसलो, आणि पुढची दोन पानं टाकून दिली. त्या हातातून कॅसिनोनं आपला वाटा कापून घेतलाच होता. हरणारा कुणीही असो, त्या वाट्याला कधी वाईट दिवस आलेले मी पाहिले नाहीत.

जिंकलो तरी सुख नाही. सीएनं सांगितलं, १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ११५बीबी, सरळ ३० टक्के, आणि बसभाडंसुद्धा वजा मिळणार नाही. मी ते कलम वाचायला घेतलं. लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्त्यांचे खेळ, सगळे एका ओळीत. बाबा रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवतात आणि मी उठलो की पेनाचं टोपण लावत एक सुस्कारा टाकतात. मी त्यांना ती ओळ दाखवली. बाबांना पूर्वी कोडं सोडवून एक स्टीलचा डबा मिळालाय. "डबा रिटर्नमध्ये दाखवला होता का?" मी विचारलं. त्यानंतर सुस्कारा बंद आहे.

मावशीला मात्र कलम दाखवून भागत नाही. ती धर्मराज काढते. आमच्या घराण्यात माझ्यासमोर धर्मराज काढला नाही असा वडीलधारा माणूस उरलेला नाही. "एवढा सत्यवचनी, पण फाशांनी काय केलं बघ!" मी सांगतो, मावशी, धर्मराजाचा दोष फासे खेळणं हा नव्हता. शकुनीमामांच्या फाशांनी, कौरवांच्या सभेत, किती हरल्यावर उठायचं हे न ठरवता बसणं, हा होता. आणि पुढचं का सांगत नाहीस? वनवासात बृहदश्व ऋषींनी त्याला नळाची गोष्ट सांगितली आणि वर अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म शिकवलं. ते शिकल्यावर अज्ञातवासात गृहस्थानं नोकरी कुठली धरली? विराटाच्या दरबारात कंक नाव घेऊन राजाशी रोज द्यूत खेळायची. वर्षभर! जिंकलेलं भावांना गुपचूप वाटायचा, म्हणजे घरखर्चाला हातभार होता. आणि एक दिवस बोलण्याचा राग येऊन विराटानं फासा त्याच्या तोंडावर फेकून मारला, नाकातून रक्त आलं, तरी हा शांत. नियमित खेळाडूचं यापेक्षा नेमकं वर्णन मला कुठे सापडलं नाही. भीम तिथे आचारी झाला होता. त्यावरून कुणी आचाऱ्यांना नावं ठेवत नाही.

"पुरे," मावशी म्हणाली. हे बोलणं दिवाळीच्या पाडव्याला चाललं होतं. त्या दिवसाला द्यूतप्रतिपदा म्हणतात, पार्वतीनं महादेवाला त्या दिवशी हरवलं होतं, म्हणून पत्ते शास्त्रोक्त ठरतात, आणि आमच्या घरी जेवणं झाल्यावर बदाम सातचा फड बसतो. मावशीनं चौकटची सत्ती दाबून ठेवली होती. सगळ्यांच्या हातात चौकटची पानं कुजत होती, मावसभाऊ रडकुंडीला आला होता, आणि ही बाई मसाला सुपारी चघळत "कुणाकडे आहे बाई, टाकत का नाही?" असं इतरांना विचारत होती. तिचा चेहरा, हात, श्वास, मी सगळं तपासलं. काहीही सापडलं नाही. मांडवीवर मी असा एकही माणूस पाहिलेला नाही.

सगळे हरल्यावर तिनं पानं गोळा केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तिथे जेवण देतात का रे?"

"देतात. शाकाहारीसुद्धा."

"मग माझं तिकीट काढ," ती पिसता पिसता म्हणाली. "खालचा बर्थ बघ."