पोचलाव का अण्णा?

सोलापूरकराचा पहिला परदेश गाणगापूर. पासपोर्ट नको, व्हिसा नको. अक्कलकोट मागं टाकून थोडं पुढं गेलं की मोबाइलच्या पडद्यावर कर्नाटक उगवायचं आणि आतला बॅलन्स मावळायला लागायचा. विजापूर रस्त्याला टाकळीजवळ भीमेचा पूल ओलांडला तरी तेच. पूल संपला, धुळखेड आलं, रोमिंग लागलं. फोन आपला, सिम आपलं, फोन करणारी बायको आपली, आणि तो उचलला म्हणून दंडही आपल्यालाच. ट्रायने 1 जुलै 2013 पासून या दंडाला मिनिटाला 75 पैशांची वेसण घातली, मे 2015 मध्ये ती 45 पैशांवर ओढली आणि 2017 मध्ये कंपन्यांनी एकमेकींच्या धाकाने देशातल्या रोमिंगचं श्राद्ध उरकून टाकलं.

तोवर सोलापूरकराने या संकटावर जी विद्या कमावली होती तिला तोड नव्हती. गाणगापूरला उतरल्यावर घरी एक मिस्ड कॉल, म्हणजे सुखरूप. दोन आले की दर्शन झालं. तीन आले की परतीच्या गाडीत बसलो, कुकर लावा. निरोप पूर्ण, खर्च शून्य. घरातल्या एखाद्या नव्या सुनेने भाबडेपणाने पहिल्याच रिंगला फोन उचलला तर तिचा उद्धार आठवडाभर चालायचा. कंपनीच्या टॉवरवरून अशी फुकट तार पाठवणारा हा माणूस आज दुबईला जातो आणि जाण्यायेण्याच्या तिकिटाशी स्पर्धा करणारं फोनचं बिल घेऊन परत येतो. एवढं अधःपतन झालं कसं?

प्रत्येक गल्लीत एक अण्णा असतात. आमच्या अण्णांचा मुलगा दुबईत. त्याने जानेवारीची तिकिटं काढली, कारण तेव्हा तिकडे हवा बरी असते. जानेवारीत गड्ड्याची जत्रा असते हे तो विसरला, आणि अण्णांनी त्याला ते अजून विसरू दिलेलं नाही. तरी तयारी जोरात झाली. मुंबईपर्यंत होटगी रोडवरूनच उडायचं, हा हट्ट. ज्या विमानतळापायी कारखान्याची चिमणी 2023 साली जमीनदोस्त झाली आणि ज्याच्यावरून मुंबईचं विमान सुटायला 2025 चा ऑक्टोबर उजाडला, त्याचा एकदा तरी पैसा वसूल करून घ्यावा, असा त्यामागचा विचार.

मग नव्या पेठेत चादरींची खरेदी झाली. मुलाच्या साहेबाला द्यायच्या होत्या.

"केवढ्याला ओ ही?"

"साडेआठशे, अण्णा."

"जर सोन्याची हाय का काय?"

"ओरिजनल माल हाय. धुऊन बघा, रंग गेला तर पैसे परत."

"धुवायला दुबईला नेऊ का? चार घेतो की. नीट बोला."

अण्णांनी चादर उलटी केली, सुलटी केली, कडेचा दोरा ओढून बघितला, घडी वजन केल्यासारखी दोन्ही हातांवर तोलली. दोनदा दुकानाची पायरी उतरले, दोनदा परत बोलावून घेतले गेले. नगामागे चाळीस रुपये कमी झाले आणि वर एक नॅपकिन आला. विजयी मुद्रेने ते घरी आले. संध्याकाळी भाच्याने त्यांच्याच मोबाइलवर कंपनीचं ॲप उघडलं. परदेशी रोमिंगचा पॅक निवडला. खाली बारीक अक्षरांतल्या अटी होत्या, अक्कलकोटच्या रांगेइतक्या लांब, आणि शेवटी एक चौकोन: मला मान्य आहे. भाच्याने विचारलं, "वाचू का?"

"दाब की बे," अण्णा म्हणाले.

इथेच कंपनी जिंकते. जी वस्तू उलटीसुलटी करून बघता येते तिच्यापायी आपण दुकानदाराला रडवतो. जिची किंमत तारांकित असते आणि तारा शोधायला पान खाली, आणखी खाली सरकवावं लागतं, ती आपण डोळे मिटून घेतो. कंपन्यांना हे कळून फार दिवस झाले. पायरी नसलेलं दुकान बांधलं की गिऱ्हाइकाला पायरी उतरताच येत नाही.

शेजारची इंजिनिअरिंगला असलेली पोरगी त्या वेळी तिथेच होती. ती म्हणाली, अण्णा, फोनमध्ये दोन सिमं बसतात. आपलं सिम राहू दे, पण त्याचं डेटा रोमिंगचं बटण बंद करा. तिथे उतरल्यावर तिथलं सिम घ्या नाहीतर इथूनच ई-सिम घ्या, नेट त्याच्यावर वापरा. व्हॉट्सॲपवर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरतात ते बंद करा. कॉल दुसऱ्या नंबरवर वळवून ठेवला असेल तर तेही काढा. सगळं बरोबर होतं. पण ती वयाने लहान, त्यात मुलगी, आणि सल्ला फुकट. तीन दोष एकाच सल्ल्यात असल्यावर तो कोण ऐकणार? अण्णांनी एवढंच विचारलं, "तिथलं सिम घेतलं तर नंबर बदलंल. मग लोकांनी आमाला शोधायचं कुठं?"

लोकांनी बरोबर शोधलं. विमान दुबईत टेकलं, अण्णांनी फोन चालू केला आणि स्वागताचा एसएमएस आला. या एसएमएसमध्ये स्वागत एका ओळीचं असतं आणि दर चार ओळींचे. तो वाचायच्या आत फोन वाजला.

"पोचलाव का अण्णा?"

पोचले. मग थोरल्या बहिणीचा आला. मग अशोक चौकातल्या व्याह्यांचा. मग भजनी मंडळाचा, जो स्पीकरवर होता आणि ज्यात अकरा जणांनी स्वतंत्रपणे "पोचलाव का?" विचारलं. फोन न उचलणं सोलापुरात उर्मटपणा समजतात. उचलून लवकर ठेवणं त्याहून उर्मट.

आता इथे गंमत अशी, की भाच्याला वाटत होतं तो लोकल बोलतोय. आणि तो लोकलच बोलत होता. परदेशात फोन चालू केला की तिथलं नेटवर्क आपल्या इथल्या कंपनीला विचारतं, हा माणूस तुमचाच का? कंपनी हो म्हणते आणि स्वारी सध्या कुठे आहे ते नोंदवून ठेवते. मग भाच्याने विजापूर वेशीत उभं राहून नंबर लावला की कॉल आधी इथल्या कंपनीकडे येतो आणि तिथून पुढं दुबईला जातो. वेशीपासून कंपनीपर्यंतचं भाडं भाच्याचं, कंपनीपासून दुबईपर्यंतचं अण्णांचं. कॉल न उचलता तो परत भारतातल्याच एखाद्या नंबरवर वळवलेला असेल, तर तो बिचारा दुबई बघून माघारी येतो आणि जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं आपल्या नावावर लागू शकतं. मुंबईहून आलेल्या पाहुण्याने रिक्षाचे पैसे यजमानाकडून घ्यावेत, तसा हा प्रकार. पॅकमधली बोलायची मिनिटं "पोचलाव का" या एका प्रश्नात संपली. अण्णांनी स्वतः त्यात "हो" एवढंच म्हटलं.

राहिला डेटा. तो गड्ड्यासाठी होता, असं म्हणायला हरकत नाही. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी, चहूकडून "बोला हर्र". अण्णा त्या वेळी दुबईच्या मॉलमध्ये, जगातली सर्वांत उंच इमारत बघायच्या रांगेत. भाच्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला. लागेना. अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल चालत नाहीत हे इथे कुणाला ठाऊक असणार? तिथे बोलायला सरकारने परवानगी दिलेली वेगळी ॲप असतात. पण कॉल चालत नसले तरी निरोप चालतात, आणि निरोपात व्हिडिओ बसतो. भाच्याने हार मानली नाही. त्याने अक्षता सोहळा तुकड्यातुकड्यांत पाठवला. मग मित्राने घेतलेला दुसऱ्या कोनातून. मग आजीने घेतला तो, ज्यात सोहळ्यापेक्षा आजीचा अंगठा जास्त होता. प्रत्येक व्हिडिओ फोनमध्ये आपोआप उतरत गेला.

मॉलमध्ये फुकट वायफाय होतं. पण त्याने आधी मोबाइल नंबर मागितला. आजकाल नंबर मागून फसवतात, हे अण्णांनी पेपरात वाचलं होतं. त्यांनी सावधपणे वायफाय नाकारलं आणि सुरक्षित, खात्रीचा, स्वतःच्या कंपनीचा डेटा वापरला. पॅकमधला संपला, तसा पॅकबाहेरचा सुरू झाला. पॅकबाहेरचा दर नेमका किती, हे कंपनीच्या वेबसाइटच्या तळघरात असतं. समजा एमबीला पाचशे रुपये धरले, तर दहा एमबीचा एक व्हिडिओ पाच हजारांचा. आजीचा अंगठा पाच हजारांचा. एवढ्यात नव्या पेठेतल्या सहा चादरी येतात, आणि त्या तर धुऊनही बघता येतात.

शेवटचा घाव समुद्राने घातला. मुलाने डॉल्फिन दाखवायला मुसंदमची बोटीची सहल ठरवली. दुबईहून हौशी लोक तिकडे सर्रास जातात. पण मुसंदम अमिरातीत नाही, ओमानमध्ये आहे. डॉल्फिन दिसायच्या आधी फोनवर ओमान दिसलं. पॅक अमिरातीचा. अण्णांना एकदम ओळखीचं वाटलं. ते मुलाला म्हणाले, "अरे, हे तर धुळखेड!" मुलाला काही कळलं नाही, तो फोन हातात आल्यापासून इनकमिंग फुकटच समजत आला आहे. नशीब, बोट लहान होती. मोठ्या प्रवासी जहाजांवर स्वतःचं उपग्रहाचं नेटवर्क असतं, ते बहुतेक साध्या पॅकमध्ये धरत नाहीत, आणि किनारा सुटला की फोन त्यालाच जाऊन मिठी मारतो. तिथे विमानाचं चिन्ह दाबून ठेवणं हाच एक उपाय, जहाजात असलो तरी.

कोणी म्हणेल, आपलं सिम काढूनच का ठेवू नये? ते जमत नाही, कारण आपली बँक. भारतातला खातेदार परदेशात गेला तरी त्याचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. बहुतेक भारतीय कंपन्या रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत, तेवढी एक माणुसकी शिल्लक आहे. म्हणजे सिम ठेवायचं ते फक्त ओटीपीसाठी. पण एकदा सिम जिवंत आहे म्हटल्यावर भजनी मंडळाला ते कळायला किती वेळ लागतो?

युरोपातले लोक याबाबत भांडून मोकळे झाले. 15 जून 2017 पासून युरोपीय संघात एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालतं. हे ऐकून आमच्याकडचे ग्रुप टूरवाले खूश होतात. त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, हा नियम तिथल्या सिमला आहे, सोलापुरात घेतलेल्या सिमला नाही. दुसरी, आपली टूर युरोपात गेली की सगळ्यांत जास्त फोटो जिथून पाठवते तो स्वित्झर्लंड संघातच नाही. बर्फात उभं राहून शेंगा चटणी खातानाचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर टाकायच्या आधी पॅकच्या यादीत त्या देशाचं नाव शोधावं. यादी वर्णानुक्रमे असते. तेवढं तरी वाचवेल.

अण्णा परतले. पोस्टपेड असल्याने बिल मागाहून आलं. प्रीपेड असते तर बॅलन्स संपून फोन आपसूक गप्प बसला असता आणि नुकसान भरलेल्या पैशांपुरतंच झालं असतं. पण पोस्टपेड म्हणजे प्रतिष्ठा, ती कोण सोडणार? अण्णांनी कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा झाल्यावर एक गोड आवाज आला.

"सर, आपण आमचे अत्यंत मौल्यवान ग्राहक आहात."

"ते बिलावरून कळलं की."

"सर, आपली अडचण मी समजू शकते. आपण अटी मान्य केलेल्या आहेत."

अण्णांनी चादरीचं तंत्र वापरायला सुरुवात केली. दोन महिन्यांचं आगाऊ भरतो, काही कमी करा म्हणाले. पायरी उतरल्यासारखं करून "राहू द्या, दुसरी कंपनी बघतो" असंही म्हणाले. पलीकडून संगीत सुरू झालं. नॅपकिनसुद्धा मिळाला नाही.

दोन दिवस घरात सुतक होतं. तिसऱ्या दिवशी मात्र अण्णा कट्ट्यावर आले ते वेगळ्याच तोऱ्यात. कोणाच्या मोबाइलमध्ये बुर्ज खलिफाचा फोटो आहे, कोणाच्या पासपोर्टवर सिंगापूरचा शिक्का आहे. पण एवढ्या आकड्याचं बिल गल्लीत अजून कोणाला आलेलं नव्हतं. आकडा विचारणाऱ्याला अण्णा त्यात एक हजार वाढवून सांगतात. पुढच्या महिन्यात गल्लीतले मास्तर सपत्नीक युरोपला निघाले आहेत. त्यांनी मोठ्या आदराने विचारलं, "अण्णा, तुम्ही अनुभवी. पॅक कुठला घेऊ?"

"पॅकबिक काय नको ओ मास्तर," अण्णा म्हणाले, "हाटेलात वायफाय असतंय की. आपला नंबर तेवढा चालू ठेवा. उतरलाव की उचला, मी फोन करतो."