तारापूरचं स्थळ

आषाढात लोणावळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून आम्ही बायका कुंपणाशी जास्त वेळ उभ्या असतो, असं आमच्या ह्यांचं मत आहे. मत चुकीचं आहे. कपडे वाळत असते तरी उभ्या राहिलो असतो. आमच्या आणि माईंच्या अंगणामधल्या मेंदीला एक भगदाड पडलंय, ते कुणीच बुजवत नाही. त्यातून वाटी जाते, वाटी येते आणि वाटीबरोबर अख्ख्या वलवणच्या बातम्या.

परवा वाटीत अळूचं फतफतं होतं आणि बातमी होती स्थळाची.

"कामशेतच्या भाचीला सांगून आलंय," माई म्हणाल्या. "मुलगा इंजिनीयर. नोकरी पक्की. घरचे चांगले. पण..."

ह्या 'पण'साठीच तर मी गॅसवरचा चहा बंद करून आले होते.

"पण तारापूरला. अणुवीज केंद्रात."

"मग चांगलंच की, माई."

"चांगलं काय त्यात? ते केंद्र 1969 सालचं. माझ्या लग्नाच्याही आधीचं. म्हातारं झालं, आता कधीही बंद करतील म्हणतात. बंद केलं की हा घरी. आणि नाही केलं तर पोर आमची तिथं जीव मुठीत धरून राहणार. इकडे आड, तिकडे विहीर."

ओट्यावर नाना पेपर वाचत होते. नाना म्हणजे माईंचे धाकटे दीर. उभी हयात तारापूरला काढून गेली काही वर्षं इथं राहायला आलेत. त्यांना ऐकू कमी येतं. भाजी आणा म्हटलेलं येत नाही, तारापूर म्हटलेलं बंद दारातूनही येतं. पेपर बगलेत मारून ते भगदाडाशी आले.

"वहिनी, बंद केलं की मुलगा घरी, हे कोण म्हणालं? उलट आहे सगळं. त्याचा मुलगासुद्धा तिथंच रिटायर होईल. भट्टी चालवणं सोपं. डीकमिशनिंग अवघड."

"कमिशन बंद करण्याला म्हणतात का ते?" माईंनी भाबडेपणानं विचारलं. "मग आपल्याकडे अवघडच."

नाना हसले नाहीत. तारापूरवर ते हसत नाहीत.

"अहो, बंद केलेली भट्टी मोडून जागा साफ करायची, ते डीकमिशनिंग. पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं उभ्या केल्या. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. 210 मेगावॅटच्या होत्या, पुढं 160 वर आणल्या. 2020 साली दोन्ही दुरुस्तीला थांबवल्या. अमेरिकेत ऑयस्टर क्रीक म्हणून एक केंद्र आहे, आपल्यानंतर त्याच वर्षी सुरू झालेलं. ते त्यांनी 2018 मध्ये बंद केलं आणि आता तोडतायत. त्याच 1969 सालचं त्यांचं दुसरं एक अजून चालूही आहे. म्हणजे वयावर नाही, निगेवर आहे."

"माणसासारखंच," मी म्हणाले.

"हो, पण माणूस गेला की तेराव्याला सुटतो. भट्टी सुटत नाही." नानांनी छत्री मिटली आणि पुन्हा उघडली, कारण सर आली. "वहिनी, तुमच्या माहेरी चूल होती ना? रात्री विझवलीत, तर पहाटे राखेत कुणी हात घालायचं का?"

"निखारा असायचा तिच्यात. पहाटे फुंकर मारली की पेटायची."

"तसंच. बटण दाबलं की भट्टी सेकंदांत थांबते, पण इंधन तापतच राहतं. त्याला पाण्याच्या हौदात ठेवायचं, काही वर्षं. मग बाहेर काढायचं. बहुतेक किरणोत्सर्ग त्याच्याबरोबरच जातो. मागं राहतं ते पोलाद, काँक्रीट, पाइप. पोलादात कोबाल्ट 60 मुरलेलं असतं. ते साधारण सव्वापाच वर्षांत निम्मं होतं. पन्नास वर्षं कुलूप लावून थांबलात तर सातशेवा हिस्सा उरतो. म्हणून कुणी म्हणतं, थांबा. सिझियम मात्र तीस वर्षांत निम्मं होतं, पन्नास वर्षांनीही त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा उरतोच. आणि कुणी म्हणतं, आत्ताच तोडा."

"आत्ता का? कमी होतंय तर थांबावं की."

इथं नाना जरा घुटमळले. "कुठली पाइप कुठं जाते, कुठल्या भिंतीत कुठल्या साली काय गळलं होतं, ते मला ठाऊक आहे. माझ्याबरोबरच्या चौघांना ठाऊक होतं, त्यातले दोघं गेले. कागदावर सगळं असतं म्हणतात. वहिनी, कागदावर असलेलं आणि असलेलं ह्यात फरक असतो. पन्नास वर्षांनी जो करवत घेऊन आत जाईल, त्याला कोण सांगणार की हिथं जपून?"

माई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बंद करून, पाटी लावून ठेवायचं. कुंडमळ्यासारखं?"

आमच्या मावळात सध्या कुठल्याही धोक्याची गोष्ट कुंडमळ्यावरून जाते. 15 जून 2025, रविवार, तळेगावजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीनं कोसळला. चार माणसं गेली, पन्नासहून जास्त जखमी झाली. पूल धोक्याचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पाटी होती. त्याच पाटीखाली उभं राहून लोकांनी फोटो काढले.

"तारापूरला केंद्रीय दलाचा पहारा आहे," नाना म्हणाले. "पाटीवर भागवत नाहीत. भट्टीभोवतीच्या 1.6 किलोमीटरच्या पट्ट्यात कुणाला राहू देत नाहीत."

"आज पहारा आहे हो. तुम्हीच म्हणताय पन्नास वर्षं. पन्नास वर्षं कुंपण शाबूत राहतं का? आमचं दोन वर्षांत फाटलं."

ह्यावर नानांना उत्तर नव्हतं. मला वाटतं, खरा प्रश्न तेवढाच होता आणि तो माईंनी, नऊवारीचा ओला ओचा पिळत पिळत विचारला.

तेवढ्यात भंगारवाला आला. नाटकात घातलं तर खोटं वाटेल, पण आमच्या गल्लीत तो बुधवारी येतोच. माईंना जुना तांब्याचा बंब काढायचा होता. भाव घासाघीस होऊन फिसकटला. तो गेल्यावर नाना त्याच्या हातगाडीकडे बघत म्हणाले, "दिल्लीत मायापुरीला 2010 साली हेच झालं. दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं एक जुनं यंत्र, वर्षानुवर्षं कुणी न वापरलेलं, लिलावात भंगारवाल्यांनी घेतलं. आत कोबाल्ट 60. त्यांनी ते तोडलं. हात भाजले, केस गेले, एक माणूस दगावला. ब्राझीलमध्ये गोयानियाला 1987 साली एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून सिझियमचं यंत्र असंच भंगारात गेलं. आतली पूड अंधारात निळी चमकते म्हणून पोराबाळांनी अंगाला लावली. चार जीव गेले. त्या यंत्रांना कधी अपघात झाला नव्हता बघा. वापरात होती तोवर कुणाला खरचटलंही नाही. विसरली, तेव्हा मेले लोक."

बंब नाही विकला ते बरं झालं, असं माईंच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मग आपल्याकडे कुठं केलंय का हे डी-कमिशन? पुरं?" मी विचारलं.

"पुरं? नाही. तुर्भ्याची सायरस भट्टी 2010 च्या 31 डिसेंबरला कायमची बंद केली. ती संशोधनाची. राजस्थानात रावतभाट्याची पहिली भट्टी 2004 पासून थांबलीय. पण वीज करणारं केंद्र पाडून, धुऊन, जागा सपाट करून लोकांच्या हवाली केली, असं देशात अजून एकही नाही."

"म्हणजे आमचा जावई पहिलाच."

जावई! पाहायचा कार्यक्रम व्हायचा होता आणि मुलगा जावई झालासुद्धा. मी हे फक्त नोंदवते.

एवढ्यात आमचे हे छत्रीशिवाय बाहेर आले. चहा का नाही, हा मूळ मुद्दा होता, पण तो सोडून म्हणाले, "माई, घाबरू नका. अणुहल्ला झाला तर काय करायचं ते शिकवायची सोय आपल्या लोणावळ्यातच आहे. आयएनएस शिवाजीत, 'अभेद्य' नावाची. नौदलानं 2019 मध्ये काढली. किरणोत्सर्गात जहाज कसं धुवायचं, सगळं."

"जहाजं धुतील. माझ्या भाचीचं काय?" माई म्हणाल्या. हे चहा करायला गेले.

माईंची दुसरी भीती घाटाची. तोडलेल्या भट्टीचा माल ट्रकमधून आपल्या घाटातून नेणार असतील तर? ही भीती लोणावळेकराला सांगावी लागत नाही. 2023 च्या जूनमध्ये कुणे पुलावर रसायनाचा टँकर पेटला आणि खालच्या रस्त्यावरच्यांसकट चार जण गेले, तो धूर आम्ही गच्चीवरून पाहिलाय. नानांनी समजूत घातली की तारापूरला कचऱ्याची काच करून साठवायची सोय आवारातच आहे, तिथून इकडं कोण कशाला आणेल. पण मग आपणहून म्हणाले, "उचलाउचलीत मात्र जपावं लागतं. कॅलिफोर्नियात सॅन ओनोफ्रेला 2018 साली वापरलेल्या इंधनाचं पिंप खड्ड्यात सोडताना कडेला अडकलं. खाली अठरा फूट. दोरखंड सैल पडलेला, आणि वरच्यांना वाटलं, बसलं पिंप. पडलं नाही, हे नशीब."

"आणि अमृतांजनचा पूल कसा पाडला?" मी म्हणाले. खंडाळ्याचा तो पूल 1830 सालचा. 2020 च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये एक्स्प्रेसवे रिकामा असताना, भोकं पाडून, सुरुंग भरून पाडला. कुणाला दगड लागला नाही. हळहळ मात्र पुष्कळांना लागली.

"तेच!" नाना खूश झाले. "वेळ निवडली, माणसं हलवली, मग हात लावला. जमतं आपल्याला. पण पुलाची धूळ खाली बसते. आमच्या काँक्रीटची धूळ बसू द्यायचीच नसते. तंबू ठोकून, हवा गाळून, पाण्याखाली कापायचं. किरणोत्सर्ग मोजणारा हेल्थ फिजिक्सवाला शेजारी उभा, बॅजवरचा डोस भरला की माणूस बाहेर. म्हणून वेळ लागतो, म्हणून पैसा लागतो."

पैसा म्हटल्यावर माईंचे कान टवकारले. "तो कोण देणार?"

"आपणच. अणुविजेच्या दरात यूनिटमागं दोन पैसे ह्यासाठी कापून ठेवतात."

"दोन पैसे?"

"दोन."

नानांनी पेपरच्या मार्जिनवर हिशोब केला. 160 मेगावॅटची भट्टी वर्षभर एक दिवसही न थांबता चालली, तर 140 कोटी यूनिट. त्याचे दोन पैशांनी झाले पावणेतीन, धरा तीन कोटी.

"इतक्यात तुंगार्लीला एक बंगला येत असेल," माई म्हणाल्या. "तोही रिसेल."

"कॅगनं 2012 साली हेच म्हटलं, जरा सभ्य भाषेत. तो दर 1991 च्या सुमाराचा, पुढं कुणी हात लावला नाही. आणि त्या वेळी देशातल्या एकाही अणुवीज केंद्राकडे मोडणीचा आराखडा नव्हता. तीस वर्षं चाललेल्यांकडेही नाही, थांबलेल्यांकडेही नाही." नाना हे खाली मान घालून म्हणाले. ज्या घरात आयुष्य गेलं, त्याची उणीदुणी कुंपणावर काढायला त्यांना बरं वाटत नव्हतं. पण लपवलंही नाही, हे त्यांचं मला आवडलं. तिथल्या किती साहेबांनी आजवर पोफरण-अक्करपट्टीच्या लोकांशी इतकं सरळ बोलून पाहिलंय, कोण जाणे. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी घरं त्यांचीच उठली.

"भाऊजी, एक खरं सांगा," माई म्हणाल्या. "तुमची मुलगी असती तर दिली असती का तिथं?"

"माझी बायको राहिली की तिथं. मुलं कॉलनीत वाढली. चिंचणीच्या समुद्रावर खेळली." नाना थांबले. "चालू भट्टीशेजारी मी निर्धास्त झोपलो, कारण तिच्यावर रात्रंदिवस कुणीतरी जागं असायचं. थांबलेलीवर तेवढंच जागं राहणार असतील, तर द्या मुलगी."

माई आत गेल्या आणि भाजीवाल्याच्या हिशोबाची वही घेऊन आल्या. मुलाला विचारायचे प्रश्न लिहून घ्यायला बसल्या. पगार किती, क्वार्टर आहे का, हे होतंच. खाली नानांनी सांगितलेले: मोडणीचा आराखडा तू स्वतः वाचलायस का? गावकऱ्यांना तो त्यांच्या भाषेत कुणी वाचून दाखवलाय का? जुन्या फिटरांना कुणी विचारून ठेवतंय का, का नुसती निवृत्तीची शाल देऊन पाठवतायत?

"एवढं विचारलं तर पळून जाईल मुलगा," मी म्हणाले.

"पळाला तर कळलं," माई म्हणाल्या.

पाहुणे रविवारी साडेदहाला येतायत. नाना शनिवारीच दाढी करून बसणार आहेत, आणि कुंपणाचं भगदाड तेवढ्यापुरतं झाकायला माईंनी आमची गोधडी मागितलीय.