अ‍ॅम्पशिवाय ऐकू नये

कायद्यावर विश्वास ठेवणारा नागरिक आपल्या शहरांतून नाहीसा झाला, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली, आणि त्या मर्यादेवर स्वतःच्या खिशातले पैसे लावणारा एक वर्ग आजही आपल्यात राहतो. तो ओपन-बॅक हेडफोन विकत घेतो. या हेडफोनच्या कपांना पाठीमागे भिंत नसते, जाळी असते. आतला आवाज तिच्यातून मोकळेपणाने बाहेर जातो आणि बाहेरचा तितक्याच मोकळेपणाने आत येतो. कुकरची शिट्टी, चौकातले हॉर्न, वरच्या मजल्यावर सरकवली जाणारी खुर्ची, गणपतीच्या आधी कित्येक आठवडे चालणारा ढोल-ताशांचा सराव, यांपैकी काहीही अडवण्याची त्यात सोय नाही. हे पुरते ठाऊक असून जो माणूस महिन्याचा पगार या जाळीत घालतो, त्याचा महापालिकेवर, पोलिसांवर आणि शेजाऱ्यांवर केवढा भरवसा असला पाहिजे! नागरी व्यवस्थेला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणी दिल्याचे आठवत नाही.

जाळीमागचे शास्त्र पक्के आहे. बंद कपात ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाचा, मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, खालचे स्वर फुगतात, गाणे डोक्यात कोंडल्यासारखे वाटते. उघड्या कपात हा दोष बराच कमी होतो. १९६८ साली सेनहायझर या जर्मन कंपनीने एचडी ४१४ हा हलका, स्पंजच्या गाद्यांचा उघडा हेडफोन आणला आणि पुढे त्याचे एक कोटीहून अधिक नग विकले गेले. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंनीही उघडे हेडफोन स्वीकारले; मात्र माइकसमोर उभ्या असलेल्या गायकाला तिथे बंद हेडफोनच देतात, कारण उघड्यातून निसटलेला ठेका माइकमध्ये शिरतो. उघडा हेडफोन असतो मिक्सिंगच्या टेबलावर, आवाज बाहेर थोपवणाऱ्या खोलीत. अशी खोली आपल्या वन बीएचकेत नाही आणि मिक्स करायचे गाणेही नाही. तरीही इंजिनीअरचे उपकरण घरात सज्ज ठेवणे, ही दूरदृष्टी म्हटली पाहिजे. शिवाय या उपकरणात सहकाराची भावना आहे. रात्री अकरा वाजता मालक ऐकत असलेली ठुमरी शेजारी झोपलेल्या माणसालाही ऐकू येते. खालचे स्वर वगळून येते, किरकिरी येते, पण विनामूल्य येते.

मात्र या छंदाचा खरा नैतिक आधार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे. उदाहरण म्हणून सेनहायझरचाच एचडी ६०० घेऊ. १९९७ पासून तो जगभरच्या जाणकारांच्या आदराचा धनी आहे आणि तो आदर रास्तच आहे. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युत विरोध, ३०० ओहम. १ व्होल्ट दिला की तो ९७ डेसिबल आवाज देतो, असे कंपनीच सांगते. मोबाइलला लावायचा बोटभर लांबीचा एक चांगला डोंगल साधारण तेवढा व्होल्ट देतो. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने घातलेला दंडक असा, की ८५ डेसिबल आठ तास चालेल आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. या हिशेबाने ९७ डेसिबल दिवसाला अर्धा तास. अर्थात संगीत सतत कमाल पातळीवर नसते. एखादे मुद्रण फार हळू असेल, एखाद्या ऑर्केस्ट्राची झेप मोठी असेल, म्हणून आणखी १२ डेसिबल हवेत असे कोणी म्हटले तर ते मान्यच करावे. त्यासाठी ४ व्होल्ट लागतील, म्हणजे सुमारे ५३ मिलिवॉट.

सामान्य माणूस इथे वही मिटेल. आपला नागरिक ३०० ओहमवर १ वॉटच्या आसपास ताकद देणारा अ‍ॅम्प घेतो. तो पूर्ण उघडला तर याच हेडफोनमधून सुमारे १२२ डेसिबल निघतील, आणि कानाला वेदना होऊ लागतात ती पातळी साधारण १२० ची आहे. पण हा नागरिक तो पूर्ण उघडत नाही. अ‍ॅम्पचे बटण घड्याळातल्या आठच्या खुणेवरून नऊच्या खुणेपर्यंत सरकते आणि तिथेच आयुष्य काढते. उरलेल्या ताकदीला तो ‘हेडरूम’ म्हणतो. कान कायमचे निकामी करण्याचे सामर्थ्य मेजावर ठेवून बोटभर संयम पाळायचा, हे आत्मनियमन ज्यांनी विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती पाहिल्या आहेत त्यांनाच कळेल. पंख्याची घरघर आणि रस्त्याची गजबज जाळीतून आत येत राहिली की ते बटण संध्याकाळभरात थोडे थोडे पुढे जाते, हे खरे. पण त्याचा दोष हेडफोनला देता येत नाही आणि अ‍ॅम्पला तर नाहीच. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. एवढी एकच गोष्ट या छंदात अपग्रेड करता येत नाही, आणि म्हणूनच बहुधा तिची चर्चाही होत नाही.

एक अ‍ॅम्प मात्र पुरत नाही. हा लोभ नव्हे, ही जोडी जमवण्याची कला आहे. ट्यूब अ‍ॅम्पचे पाहा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या अनेक ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स १०० ओहमच्या आसपास असतो. एचडी ६०० चा इम्पीडन्स नावाला ३००. खालच्या स्वरांत, १०० हर्ट्झच्या जवळपास, तो ५०० पर्यंत चढतो. जिथे हेडफोनचा विरोध जास्त, तिथे व्होल्टेजचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो. परिणामी खालचे स्वर सुमारे १ डेसिबलने उचलले जातात. या १ डेसिबलला जाणकार ‘ऊब’ म्हणतात. फोनमधल्या इक्वलायझरने हेच काम एका बोटाच्या हालचालीत आणि फुकट होते. पण फुकटच्या उबेला नारिंगी उजेड नसतो, वजन नसते, पाहुण्यांनी विचारावे असे काही नसते. ट्यूब अ‍ॅम्पची ऊब तर शब्दशः ऊब आहे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी तो चालू करणारा रसिक पंखा बंद करतो, कारण पंख्याच्या आवाजात तानपुऱ्याचे बारकावे बुडतात. खिडक्याही लावून घेतो. संगीतासाठी घाम गाळणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

मग शोध पुढे सरकतो. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० वरच्या स्वरांत तिखट, म्हणून त्याला मऊ अ‍ॅम्प. मऊ अ‍ॅम्प आला की त्यावर सेनहायझरचा एचडी ६५० फार गोड वाटतो, म्हणून त्याला स्वच्छ अ‍ॅम्प. स्वच्छ अ‍ॅम्प मोकळा राहतो म्हणून एक प्लेनर हेडफोन. त्याचा इम्पीडन्स कमी आणि करंटची भूक मोठी, तेव्हा तिसरा अ‍ॅम्प. त्यांच्याआधी डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा डॅक लागतो, त्यांच्यामध्ये केबल लागतात, आणि ‘बॅलन्स्ड’ हा शब्द एकदा कानावर पडला की सगळ्या केबल पुन्हा लागतात. नवी वस्तू पहिल्या दिवशी आवडली नाही तर तिला शंभर तास ‘बर्न-इन’ द्यावा, असा रिवाज आहे. यात ग्राहक संरक्षणाचा विचार दिसतो: शंभर तासांत वस्तू बदलत नसली तरी ग्राहकाला तिची सवय होते, आणि दरम्यान परत करण्याची मुदत शांततेत संपते.

या वर्तुळाला २०११ मध्ये एक धोका निर्माण झाला होता. टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनीअरने ओ-टू नावाच्या हेडफोन अ‍ॅम्पचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. साधे, सहज मिळणारे भाग, काटेकोर मोजमापे, आणि त्यामागे एकच भूमिका: अ‍ॅम्पला स्वतःचा आवाज असू नये, आलेला सिग्नल त्याने न बिघडवता मोठा करावा आणि बाजूला व्हावे. जगभर लोकांनी तो बनवला, विकला, वाखाणला. पुढच्याच वर्षी तो लेखक एकाएकी लिहायचा थांबला आणि आजवर परतला नाही. समाजाने ही घटना प्रौढपणे हाताळली. त्याचा अ‍ॅम्प लोकांनी आदराने मेजावर ठेवला आणि त्याच्या शेजारी, तुलनेसाठी, पुढचे चार घेतले.

२०१७ साली याहून मोठे संकट आले. जेरून ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापे तपासून अमेरिकन अकूस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिले, की हेडफोनची किंमत आणि त्याचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स यांच्यात काही संबंध सापडत नाही. हाच निष्कर्ष तुरीच्या डाळीबद्दल निघाला असता तर बाजारात गोंधळ उडाला असता. इथे काहीच झाले नाही. आवाजात जे मोजता येते त्याच्याशी किंमतीचे नाते नाही, म्हणजे जे मोजता येत नाही त्याच्याशी ते असणारच, असे अनुमान काढले गेले. दोन अ‍ॅम्प अर्ध्या डेसिबलने जरी कमीजास्त वाजत असले तरी मोठा वाजणारा अधिक ‘उघडा’ आणि ‘जिवंत’ वाटतो. म्हणून आधी दोघांची पातळी व्होल्टमीटरने जुळवावी आणि कोणता अ‍ॅम्प चालू आहे हे न पाहता ऐकावे, असे अभियंते सुचवतात. ही सूचना नम्रपणे नाकारली जाते. घरच्या कर्त्या माणसाकडून त्याच्याच पैशांनी आणलेली वस्तू ओळखण्याची परीक्षा घेणे आपल्या संस्कृतीत बसत नाही.

या मार्गाचे शिखरही पाहून ठेवलेले बरे. सेनहायझरने २०१५ मध्ये एचई १ जाहीर केला. उघडा, इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन. त्याचा अ‍ॅम्प कर्रारा इथल्या संगमरवरात बसवलेला, चालू केला की आठ ट्यूब दगडातून हळूहळू वर येतात. तेव्हाची किंमत ५०,००० युरोच्या घरात. तो १०० किलोहर्ट्झच्याही वर वाजतो असे कंपनी सांगते. निरोगी तरुण कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ. आणि एवढे पैसे जमेपर्यंत माणूस ज्या वयाला पोचतो त्या वयात ती बरीच खाली आलेली असते. वरचा सगळा पल्ला वटवाघळांसाठी मोकळा राहतो. जीवसृष्टीतल्या इतर घटकांचा असा विचार आपल्या फार थोड्या उद्योगांनी केला आहे.

प्रश्न उरतो तो या सगळ्यातून काय ऐकायचे याचा, आणि इथे आपल्या परंपरेने नागरिकाची मोठी अडचण केली आहे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचा आवाज आपल्यापाशी आहे तो ७८ आरपीएमच्या तबकड्यांतून: सुमारे तीन मिनिटे, सुईची खरखर, वरचे स्वर कापलेले, आणि मोनो. मोनो म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. उघड्या हेडफोनच्या विस्तीर्ण ‘साउंडस्टेज’वर खाँसाहेब अगदी मधोमध उभे राहतात आणि तिथून हलत नाहीत. पाचशेच्या इअरफोनवरही तो षड्ज लागला की हातातले काम थांबते. तीनशे ओहम आणि तीन अ‍ॅम्पनंतरही तेवढेच थांबते. यंत्राच्या दृष्टीने हा फारच निराशाजनक निकाल आहे. वाढलेला तपशील बहुतेक खरखरीचाच असतो. केसरबाई केरकरांच्या तबकड्यांचेही तेच. ज्या गाण्याने यंत्राची थोरवी सिद्ध होत नाही, ते गाणे मग आपोआप यादीतून खाली सरकते. त्याच्या जागी ईगल्सच्या १९९४ च्या मैफलीतले ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ येते, कारण सुरुवातीच्या ढोलाचा घुमारा अ‍ॅम्पची सगळी लायकी सांगून टाकतो. तो घुमारा झाला, मान डोलली, की केबल बदलून गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले जाते. गायकाने तोंड उघडण्याची वेळ त्या खोलीत क्वचितच येते.

काही टीकाकार म्हणतात, की एवढ्या पैशांत दर डिसेंबरला पुण्यात सवाई गंधर्वला जाऊन बसता आले असते. १९५३ पासून चालत आलेल्या त्या महोत्सवाबद्दल आदर राखूनही एक गैरसोय नोंदवली पाहिजे. तिथल्या मंडपात कोणता अ‍ॅम्प असावा हे श्रोत्याला कोणी विचारत नाही. केबल बदलता येत नाही, राग मध्येच थांबवून मागे नेता येत नाही, आणि पहाडीऐवजी मारवा ऐकून पाहू, असे म्हणता येत नाही. गायक तानपुरे जुळवतो तेवढा वेळ सगळ्यांनी थांबायचे, आणि नंतर दीड तास नुसते ऐकायचे. हातात एकही बटण नसताना प्रौढ, करदात्या नागरिकाला असे बसवून ठेवणे योग्य आहे का, याचा विचार आयोजकांनी करावा.