पिकपभाऊ

शनिवारी सकाळी लोहगडवाडीत सगळ्यात मोठा आवाज पिकपभाऊचा. खरं नाव विचारू नका. गडाखालच्या प्रत्येक वाडीत असा एक भाऊ असतोच. पडवीपुढे पत्रे टाकून केलेली खानावळ, अंगणात पार्किंग, परड्यात तंबू, आणि दाराशी चिखलाखाली मूळ रंग हरवलेली पिकप. पिकप म्हणजे मागे उघडा हौदा असलेली मालगाडी. ती आठवडाभर कामशेतची भाजी आणि सिमेंट वाहते, लग्नसराईत वऱ्हाड वाहते आणि पावसाळ्यात पुण्याची माणसं.

"हां म्याडम, लोकलनं मळवलीला उतरा. पिकप करतो ना! आवो, पिकप फ्री हाय."

म्याडमना वाटतं, मोटार येईल. स्टेशनाबाहेर उभी असते ती पिकप, हौद्यात कांद्याची पोती आणि त्यांवर अंथरलेली ताडपत्री. म्याडम बघत राहतात. भाऊ निरागसपणे म्हणतो, "पिकप म्हणलो व्हतो की!" यात त्याची लबाडी किती आणि इंग्रजीची किती, हे ठरवणं अवघड आहे. माझं मत विचाराल तर निम्मी-निम्मी.

याला मराठीत बोलायला काय होतं, असं एका भाषाभिमानी पाहुण्यांनी त्याला सुनावलं होतं. भाऊ मान खाली घालून म्हणाला, "साहेब, मग काय सांगू? म्याडम, तुमाला उचलायला येतो?" पाहुणे गप्प झाले. कारण आपल्याकडे उचलायला येतात ते पोलीस. हात मारून पळतो तो उचल्या. मुकादमाकडून आगाऊ घेतलेले आणि हंगामभर मान वर करू न देणारे पैसे म्हणजे उचल. एवढा सगळा इतिहास पाठीवर असलेलं क्रियापद घेऊन कोण गिऱ्हाईक आणायला जाईल? पिकपला असला काही वास नाही. (इंग्रजांच्या देशातही पोलीस माणसाला पिकअपच करतात, हे आम्ही भाऊला सांगितलेलं नाही. धंद्याची वेळ असते.)

तसा या जोडक्रियापदांचा त्रास भाऊच्या गिऱ्हाइकांनाच होतो असं नाही. डॉक्टर जॉन्सननी १७५५ साली इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच कबुली दिली होती की, क्रियापदाला शेपूट लावून अर्थ फिरवण्याची ही खोड परक्यांना सर्वांत जड जाते. या प्रकाराला इंग्रजीत 'फ्रेझल व्हर्ब' हे बारशाचं नाव छापलं गेलं ते १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकात. नाव सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. आणि त्याच १९२५ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातूनच मागे हौदा बसवून ती 'पिकअप बॉडी' म्हणून विकायला काढली. व्याकरण आणि गाडी एकाच वर्षी बाजारात आली. भाऊच्या दारापर्यंत मात्र गाडीच पोचली.

गाडी एकटी आली नाही. लग्नात लाउडस्पीकरवाल्याच्या तबकडीवर सुई टेकवणारा दांडा पूर्वी पिकपच होता. एसटीची वाट बघायची ती फाट्यावरच्या पिकप शेडमध्ये. भाटघर धरणातून नीरेत सोडलेलं पाणी खाली वीरला अडवून कालव्यात घेतलं, त्या तऱ्हेच्या बंधाऱ्याला पाटबंधारे खातं पिकअप वेअर म्हणतं. म्हणजे आपल्याकडे पाणीसुद्धा स्टेशनवर उतरून पिकपची वाट बघत आलेलं आहे.

भाऊ गडही दाखवतो. सुरतेची लूट नेताजी पालकरांनी लोहगडावर आणून ठेवली असं सांगतात. भाऊच्या तोंडी ते "सुरतेला पिकप, लोहगडला ड्रॉप" असं एका दमात होतं. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने शेजारचा विसापूर घेतला आणि मग लोहगड फारशा झुंजीविना हाती आला. गणेश दरवाजात उभा राहून भाऊ हे उदास चेहऱ्याने सांगतो, "गोऱ्यानं विसापूर घेतला न् जाताजाता लोहगड पिकप केला." शाळेच्या सहलीतली पोरं हे वहीत उतरवून घेतात. २०२५ साली गड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून भाऊचं म्हणणं असं की आता इतिहासानेही पिकप घेतला आहे.

त्याची मुलगी दहावीला. परीक्षा जवळ आली तेव्हा ती पडवीत बसून पाठ करत होती: पिक अप, म्हणजे जमिनीवरून उचलणे. भाऊ भाकऱ्या मोजता मोजता थांबला.

"येवढंच?"

"पुस्तकात येवढंच आहे, पप्पा."

"कुणी लिवलंय पुस्तक? त्याच्याकडं गाडी न्हाई वाटतं."

"वाक्यात उपयोग करायचाय. तुम्ही सांगा मग."

भाऊने डोळे मिटले. गेल्या श्रावणातला एक रविवार त्याच्या डोळ्यांपुढून गेला असावा, कारण वाक्य अडखळत आलं नाही.

"लिही. गायमुख खिंडीच्या चढाला पिकप पिकप घेईना, म्हणून पिकप शेडात पिकपसाठी थांबलेल्या पावण्यास्नी फोन लावला, तर ते फोन पिकप करंनात."

पोरगी पेन तोंडात धरून बापाकडे बघत राहिली. मग तिने पुस्तकातलंच वाक्य वहीत उतरवलं. प्रश्न एका गुणाचा होता.