काठेवाडचं कलम

समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात आमच्या मुलखात अकरा मारुती स्थापन केले. चाफळला दोन, मसूर, शहापूर, माजगाव, शिंगणवाडी, खाली बहे-बोरगाव, बत्तीस शिराळा, थेट मनपाडळे-पारगावपर्यंत. आणि एक आमच्या उंब्रजला. लोकांना त्यात बलोपासना दिसते. मला संघनिवड दिसते. अकराच्या अकरा गडी पावणेचारशे वर्षं आपापल्या जागेवर उभे आहेत. कुणाचा फॉर्म गेलेला नाही, कुणाचा स्नायू दुखावलेला नाही आणि मुख्य म्हणजे एकही जण मुंबईकडून खेळायला गेलेला नाही. असा संघ मिळायला पुण्य लागतं. मी ‘कृष्णाकाठ एकादश’ या संघाचा व्यवस्थापक आहे आणि आमचं सध्या काही खरं नाही.

आमचा संघ पोस्टकार्डांवर आहे. मी पोस्टातून निवृत्त झालो, त्यामुळे कार्डांची सवय होती. (कार्डं स्वतःच्या पैशांनी घेतलेली आहेत. गावात विचारणारे आहेत, म्हणून सांगून ठेवतो.) मूळ कल्पना मात्र अमेरिकेची. न्यू जर्सीतल्या पुतण्यानं एकदा येताना एक खोकं आणलं. स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा बेसबॉलचा बैठा खेळ. हॅल रिचमन नावाच्या माणसानं पोरवयात घरी बसून तो रचला आणि १९६१ साली विकायला काढला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्यावर तीन रकाने. तीन फासे टाकायचे. एका फाशावर एक ते तीन पडले तर फटके मारणाऱ्याचं कार्ड बघायचं, चार ते सहा पडले तर चेंडू टाकणाऱ्याचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज करायची आणि त्या आकड्यासमोर काय लिहिलंय ते निमूट मान्य करायचं. सगळी मेख बेरजेत आहे. दोन फाशांच्या छत्तीस जोड्यांपैकी सात ही बेरीज सहा जोड्यांत येते, बारा एकाच जोडीत. म्हणून थोरामोठ्यांची पुण्याई सातसमोर लिहायची आणि त्यांची पापं दोन नि बारासमोर.

खोक्यात बेब रूथ वगैरे मंडळी होती. बेब रूथ १९४८ साली वारला, तरी अमेरिकेत लोक अजून त्याला संध्याकाळी जेवण झाल्यावर खेळायला लावतात हे बघून मला भरून आलं. बेसबॉल मात्र काही डोक्यात शिरला नाही. बाद झालेला माणूस तासाभरानं परत बॅट घेऊन येतो हे मला आमच्या ग्रामपंचायतीसारखं वाटलं. मी पुतण्याला म्हटलं, ‘तुझा रूथ तुझ्याकडंच ठेव. फासे तेवढे दे.’

मग पोस्टकार्डं काढली. एक फेक म्हणजे एक षटक असा हिशेब बसवला आणि कृष्णाकाठचे सगळे गेलेले-राहिलेले गडी गोळा केले. नियम असा केला की महाराष्ट्र संघाकडून खेळलेला तरी पाहिजे, नाहीतर आपल्या पाण्यावर वाढलेला तरी. पहिलं कार्ड विजय हजाऱ्यांचं. जन्म सांगली, १९१५. चौथ्या क्रमांकावर. पाचवे भाऊसाहेब निंबाळकर, कोल्हापूरचे. सलामीला चेतन चौहान, कारण ते बरीच वर्षं महाराष्ट्राकडून खेळले. चंदू बोर्डे, यष्टीमागे हेमंत कानिटकर, गोलंदाजीला वसंत रांजणे आणि सदू शिंदे. आणि देवधर. प्रा. दि. ब. देवधर, संस्कृतचे अध्यापक. महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकून देणारे, आणि त्यातल्या दुसऱ्या वर्षी अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ करणारे.

एवढा संघ हातात असल्यावर हरायचं म्हणजे कर्तबगारी लागते. ती आमच्यात आहे.

समोरचा संघ मुंबई. व्यवस्थापक आमचे शेजारी. उमेदीची सगळी वर्षं परळच्या गिरणीत गेली, ८२ च्या संपानंतर गावी आले, तेव्हापासून गाव त्यांना ‘मुंबईकर’ म्हणतं. सातारा जिल्ह्यातून मुंबईला गेलेला माणूस तिथं मरेस्तोवर सातारकर असतो आणि परत आला की तिसऱ्या दिवशी मुंबईकर होतो. पावसाळ्यात चिखलात चालणारी कांगा लीग त्यांनी छत्री घेऊन पाहिली आहे. त्यांच्याकडं मर्चंट, गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर, सुभाष गुप्ते, पद्माकर शिवलकर. १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वर्षं रणजी करंडक ज्या गावात राहिला, तिथल्या माणसाला नम्रता कुठून येणार? मी एकदा म्हटलं, तुमचे सगळे मोठे खेळाडू बाजूला ठेवा आणि मग बघू. ते म्हणाले, ‘ठेवलं हुतं की मास्तर. एकाहत्तर साली. आमचं समदं मोठं गडी वेस्ट इंडिजला गेल्यालं, सुधीर नाईक कप्तान, अन् फायनल तुमच्याच म्हाराष्ट्राबरोबर. अठ्ठेचाळीस धावांनी हारलासा.’

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी चहा मागवला.

खरं भांडण बापू नाडकर्ण्यांवरून झालं. बापूंचा जन्म नाशिकचा. आधी महाराष्ट्राकडून खेळले, मग मुंबईकडून. माझं म्हणणं, पहिला हक्क माहेरचा. मुंबईकर म्हणाले, नांदली कुठं ते बघा. शेवटी फासा टाकला आणि बापू गेले. तेव्हापासून माझ्या संघाच्या नशिबाला जी घरघर लागली ती लागलीच. बापूंनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं टाकली. त्यातली २७ निर्धाव, पाच धावा, बळी शून्य. लागोपाठ एकवीस षटकं निर्धाव, १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. मुंबईकरांनी बापूंचं कार्ड इतकं इमानेइतबारे बनवलंय की तिन्ही रकान्यांत वरपासून खालपर्यंत एकच शब्द आहे. रविवारी दुपारी बापू गोलंदाजीला आले की आमच्या ओसरीवर कीर्तन सुरू होतं. मी फासा टाकतो, मुंबईकर वाचतात, ‘निर्धाव.’ मी फासा टाकतो, ‘निर्धाव.’ मधेच फलंदाजाचं कार्ड निघालं तर मी हावरटासारखा झडप घालतो आणि एक धाव घेऊन परत ‘निर्धाव’मध्ये जाऊन बसतो. आमच्या मंडळींनी एकदा आतून विचारलं, ‘अहो, कुणाचा जप चाललाय?’

बापूंना उतारा म्हणून मी विवेक हजाऱ्यांना संघात घेतलं. विजय हजाऱ्यांचे बंधू. ही निवड वशिल्याची आहे असं गावात बोललं गेलं. सांगली-साताऱ्यात भावाला उभं केल्याशिवाय कुठलंही पॅनेल पूर्ण होत नाही, ही गोष्ट निराळी. माझं कारण क्रिकेटचं होतं. १९४३ च्या डिसेंबरात ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेच्या सामन्यात हिंदू संघाविरुद्ध ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यातल्या ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या. दोघा भावांनी ३०० ची भागी केली आणि त्यात विवेक यांचा वाटा २१ धावांचा. आता असा माणूस आजच्या जमान्यात सापडेल का? मी त्यांच्या कार्डावर जवळजवळ सगळीकडं ‘उभे राहिले’ असं लिहिलं. परिणाम असा की एका बाजूनं बापू निर्धाव टाकतायत आणि दुसऱ्या बाजूला विवेक उभे आहेत, असा तो रविवार गेला. अंधार पडेपर्यंत कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. गेल्या कित्येक महिन्यांतली ती आमची सर्वोत्तम कामगिरी.

बाकी व्यवस्थापकाचं काम म्हणजे खेळाडूंना झाडणं. इथं माझी पंचाईत होते. पोराटोरांचा संघ असता तर दोन शिव्या हासडल्या असत्या. पण हजारेसाहेबांना काय बोलणार? ज्यांनी १९४८ साली ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीत ११६ आणि १४५ केले, त्यांना उंब्रजच्या निवृत्त पोस्टमास्तरानं सांगायचं की साहेब, गुप्त्यांचा गुगली जरा बघून खेळा? मी कार्ड हातात घेतो, चष्मा पुसतो आणि ‘असू द्या, पुढच्या डावात बघू’ एवढंच म्हणतो. देवधरांना तर वगळायचीही सोय नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतकं केली आणि पुढं १०१ वर्षं जगले. अशा माणसाला ‘आता तरुणांना संधी देऊ या’ हे वाक्य कुठल्या तोंडानं ऐकवायचं? शिवाय ते संस्कृतात उत्तर देतील ही भीती असतेच.

चौहानांचं दुखणं वेगळं. चाळीस कसोटी, दोन हजारांवर धावा आणि शतक एकही नाही. जास्तीत जास्त ९७. प्रथम श्रेणीत त्यांची शतकं आहेत, पण त्यांचं कार्ड मी कसोटीवरून बनवलं, कारण मला नस्ता काटेकोरपणा आहे. त्यामुळे ते नव्वदीत गेले की ओसरीवरची पोरंसुद्धा खेळणं थांबवून बघायला येतात. बारा पडतो म्हणजे पडतोच.

कप्तान कोण यावर मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. देवधर असताना पालवणकर बाळू कप्तान कसे, असं मुंबईकरांनी विचारलं. (बाळूंवरही त्यांचा डोळा होता, पण पुण्यात मैदानाची राखण करता करता, साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकून ती बोटं तयार झाली, म्हणून ते आमचे.) १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या डावखुऱ्या माणसानं ११४ बळी घेतले आणि हिंदू संघाचं कप्तानपद जातीपायी त्यांना कधी रीतसर मिळालं नाही. ते पुढं १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडं गेलं. मी म्हटलं, तिथं नाही तर नाही, उंब्रजच्या ओसरीवर तरी नाणेफेकीला बाळूच जाणार. मुंबईकर जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘त्ये बराबर हाय. पर टॉस तरी जिकायला सांगा त्यास्नी.’ नाणेफेकही आम्ही हरतोच.

राहिले निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान, समोर काठेवाड. निंबाळकर ४४३ नाबाद, संघाच्या ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम ओलांडायला दहा धावा हव्यात. मध्यंतर झालं आणि काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले, डाव सोडा नाहीतर आम्ही निघालो. आणि खरोखरच निघाले. दहा धावांसाठी समोर चेंडू टाकायला कुणी उरलं नाही. ऐंशी प्रथम श्रेणी सामने, सत्तेचाळीसच्या वर सरासरी, आणि हा माणूस एकही कसोटी खेळला नाही. आमच्याकडं निंबाळकरांचं नाव निघालं की माणसं अजूनही काठेवाडवर चिडतात. काठेवाडचा माणूस मात्र कुणीच पाहिलेला नसतो.

त्यांचं कार्ड बनवताना माझा हात थरथरला. सरासरी लिहिली की ४४३ कुठंतरी विरघळून जातात. फाशाला एका दिवसाची आठवण राहत नाही. म्हणून मी सातसमोर तर चौकार लिहिलेच, सहा आणि आठसमोरही लिहिले. मुंबईकरांच्या ते लक्षात आलं, पण बोलले नाहीत. निंबाळकरांच्या बाबतीत परळसुद्धा दिलदार होतं.

आणि मागच्या महिन्यात तो दिवस आला. बाहेर पावसाची झड, तारळी फुगून कृष्णेला भिडलेली, हायवेवरच्या ट्रकांचा आवाज, ओसरीवर आम्ही दोघं. निंबाळकर लागले. सात, आठ, सात, सहा. शिवलकर धुतले, गुप्ते धुतले. बापूंच्या षटकात तर फलंदाजाचंच कार्ड लागोपाठ येत राहिलं आणि निर्धावचा जप मोडला. शतक, दीडशतक, द्विशतक. मी कार्डाला हात लावायचं बंद केलं, नजर लागेल म्हणून. त्यावर चहाचा एक डाग आहे, नेमका ‘झेलबाद’ या शब्दावर पडलेला. तो मी शुभ मानतो. दिवे लागले तेव्हा निंबाळकर २८७ होते आणि मुंबईकरांच्या मांडीला मुंग्या आलेल्या होत्या.

त्यांनी फासे खाली ठेवले. ‘मास्तर, डाव सोडा.’

‘का?’

‘का म्हंजी? सून दोनदा बोलावून गेली. भाकरी थंड व्हाया लागल्यात. डाव सोडा, न्हायतर म्या निघालो.’

‘हे काठेवाडचं कलम झालं,’ मी म्हटलं.

‘व्हऊ द्या झालं तर. ठाकूरसायबालाबी भाकरी आसंलच की.’

‘डाव सोडणं माझ्या हातात नाही. कप्तानाला विचारावं लागेल.’

‘मग इचारा की बाळूस्नी!’ असं म्हणून त्यांनी मर्चंटपासून शिवलकरांपर्यंत सगळी मुंबई रबर लावून सदऱ्याच्या खिशात घातली, छत्री उचलली आणि गेले.

मी एकटा बसलो. पलीकडं बापूंचं कार्ड राहिलं होतं, घाईत रबरातून निसटलेलं. मी म्हटलं, तेरा धावांचा तर प्रश्न आहे, तीनशे तरी करून घेऊ. दोन्ही बाजूंचे फासे मीच टाकले. पहिल्यावर बारा पडला. निंबाळकर धावबाद.

मी थोडा वेळ विचार केला. समोरचा संघ मैदान सोडून गेला त्या क्षणी सामना संपला, हे तर पुण्याला १९४८ मध्येच ठरलेलं आहे. त्यानंतर टाकलेला फासा हा सराव. मी फासे डबीत घातले आणि जेवायला गेलो.

सकाळी मुंबईकर बापूंना न्यायला आले. छत्री झटकत, जरा ओशाळून त्यांनी विचारलं, ‘काय मास्तर, मग निंबाळकर किती?’

‘दोनशे सत्त्याऐंशी,’ मी म्हटलं, ‘नाबाद.’